दिवाळीचा डाग

कळंब्याच्या माणसाला कोल्हापुरात एक प्रश्न ठरलेला असतो. "कळंब्यासनं आलायस? सुटलास कवा?" गावाला लागूनच मोठा तुरुंग, त्यामुळे ही थट्टा गावच्या पोरासोरांनाही जन्मापासून चिकटलेली. बनाबाई रोज म्हशीचं दूध घेऊन शहरात जायची आणि हा प्रश्न ऐकून रोज हसायची. पण शहात्तर साली दसरा सरल्यावर एका गिऱ्हाइकानं तो विचारला, आणि ती त्याच्या उंबऱ्यावर मापटं हातात धरून ढसाढसा रडली. बिचाऱ्याला कुठं ठाऊक, की हिची सात वर्षांची शालन खरोखरच सरकारच्या ताब्यात होती.

झालं होतं ते असं. बनाबाई भावाच्या पोराच्या बारशाला हातकणंगल्याला गेली होती. परत आली तेव्हा शालनच्या मांडीला मागून फडकं बांधलेलं. नवरा पिराजी उद्यमनगरात एका फौंड्रीत भट्टीवर होता. तो म्हणाला, "चुलीवर पडली. पोरगी हाय का वानार?" त्यानं स्वतःच्या हातानं कोरफड लावली होती. पोरीला लिमलेटच्या गोळ्या आणून दिल्या होत्या, खांद्यावर बसवून तळ्यापर्यंत फिरवून आणलं होतं. एरवी पोरीकडं मान वळवून न बघणारा माणूस असा वागतो हे बघून बनाबाईला बरं वाटलं. थोडं नवलही वाटलं, पण नवल करत बसायला म्हैस कुठं थांबते?

शाळेत पोरं बसकरावर मांडी घालून बसायची. शालन उभीच राहायला लागली. बाईंनी दटावलं, तरी बसेना. मग बाईंनी तिला आतल्या खोलीत नेऊन फडकं सोडून बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतनंच पोरगी गेली. साध्या कपड्यातला एक पोलीस आणि एक तरणी बाई येऊन तिला घेऊन गेले. ज्या घरात नेलं त्याला कागदावर काहीही नाव असो, लोक त्याला रिमांड म्हणत. चोऱ्यामाऱ्या केलेली पोरं जिथं ठेवतात तिथं आपली लेक, ह्या विचारानं बनाबाई ताटावरनं उठून जायची. पोरीनं काय कुणाचं घर फोडलं होतं?

त्या तरण्या बाईचा हुद्दा प्रोबेशन ऑफिसर. कळंब्यात दोन दिवसांत तिचं नाव 'चौकशीबाई' पडलं. पुण्याकडची, चष्मेवाली, बोलायची हळू. हळू बोलणाऱ्या माणसाचा कोल्हापुरात आधी संशय येतो. आणि तिलाही इथली भाषा पचलेली नव्हती. इथल्या बायका "मी गेलतो, मी आलो" असं बोलतात. बदलीवर आल्यावर सुरुवातीला तिला वाटायचं की ह्या सगळ्या आपल्या नवऱ्यांबद्दलच सांगताहेत.

भेटीच्या दिवशी बनाबाई रिमांडच्या व्हरांड्यात येऊन बसली. शेजारची खैरुनबी सोबतीला होती. खैरुनबीचा नवरा भांड्यांना कल्हई करायचा, आणि त्या भात्याच्या आवाजावर बोलून बोलून तिचा आवाज असा झाला होता, की ती कानात कुजबुजली तरी गल्लीला कळायचं. तिला बाहेरच थांबवलं आणि चौकशीबाईनं बनाबाईला आत घेतलं.

"मुलीला भाजलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"हातकणंगल्याला गेलतो. माह्यारला."

"म्हणजे तुम्ही पाहिलं नाही."

"बगायचं काय त्यात? चुलीवर पडली."

"चुलीवर पडलेलं मूल असं एका सरळ रेषेत भाजत नाही हो," चौकशीबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळंच बनाबाईला जास्त भीती वाटली. "आणि दुसरं सांगते. तिचे वडील दिवाळीत तिला पुन्हा डाग देणार आहेत. मुलीनं स्वतः सांगितलंय मला."

डाग देणं म्हणजे तापल्या लोखंडाचा चटका देणं. तान्ह्या पोराचं पोट फुगलं तर गावातली म्हातारी विळा तापवून तसा चटका द्यायची, ते बनाबाईनं लहानपणी बघितलं होतं. त्या पोरांचं ओरडणं तिच्या कानात अजून होतं. पण सात वर्षांच्या धडधाकट पोरीला, तेही दिवाळीत?

"आवं बाई, दिवाळीला कोन डाग देतंय? सणासुदीला कसायाला बी दया येती."

"मलाही तेच कळत नाहीये," चौकशीबाई म्हणाली. "हे बघा, पोर तुमचीच आहे. ती कुणी हिरावून घेत नाही. पण तुमची आहे म्हणून तिला कुणी काही विचारायचंच नाही, असं तर नाही ना?"

बनाबाईला फक्त एवढं कळलं, की शुक्रवारी कोर्ट बसणार आणि तिथं साहेब ठरवणार. घरी द्यायची, की पुढं कुठल्या तरी संस्थेत पाठवायची. शालनला तिनं जाळीच्या दारातून पाहिलं. कुणीतरी तिच्या केसांना तेल लावून घट्ट दोन वेण्या घातल्या होत्या. बनाबाई तिच्या वेण्या नेहमी सैल घालायची, कारण पोरीचं डोकं दुखायचं. हे कुणाला सांगायचं?

घरी येऊन तिनं पिराजीला सरळ विचारलं. "तुमी पोरीला दिवाळीला डाग देनार म्हनलासा?"

पिराजी म्हशीला पेंड घालत होता. घमेलं आपटून उभा राहिला. "कोन म्हनालं? त्या चष्मेवालीनं शिकवलंय पोरीला. माझी पोरगी हाय, मी मारीन न्हायतर तारीन. सरकारच्या बाचं काय जातंय?" अर्ध्या कळंब्यानं ते ऐकलं. मग तो तिथंच म्हशीच्या दाव्याजवळ बसला आणि तोंडावर टोपी धरून रडला. बनाबाईनं नवऱ्याला सासू वारली तेव्हासुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. तिला त्याची दया आली. बायकोला नवऱ्याची दया आली की तिचे निम्मे प्रश्न तिथंच विरघळतात. तिचेही विरघळले.

पण उरलेले निम्मे काही केल्या जाईनात. चुलीच्या कडेला कुठं सरळ रेघ आहे, हे ती स्वयंपाक करता करता हातानं चाचपून बघायची, आणि आपल्यालाच शिव्या घालायची. आपल्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही, तर मग ठेवायचा कुणावर? पुण्याच्या बाईवर? गावातले लोक तर तिच्या जिवावर उठल्यासारखे धीर द्यायला यायचे. एक म्हणाली, अठरा वर्षांची होईस्तवर देत न्हाईत. दुसरी म्हणाली, मुंबईला धाडतात, तिथं नाव बदलतात. तानाबाई नावाची एक म्हातारी होती, ती म्हणाली, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. जसं काही बनाबाई हौसेनंच चढायला निघाली होती.

शुक्रवार उजाडला. कोर्ट म्हणजे रिमांडच्याच आवारातली एक खोली. एक टेबल, मधे पिकल्या केसांचे साहेब, दोन्ही बाजूंना लुगड्यातल्या दोन वयस्क बाया. पोरं बुजू नयेत म्हणून खाकी कपड्यातला पोलीस तिथं उभा करत नसत. पण पिराजी दारातनंच घामाघूम होऊन आत आला. भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला साध्या खोलीत घाम फुटलेला बनाबाईनं पहिल्यांदा पाहिला. खैरुनबीला आत यायचं कारण नव्हतं, पण ती दाराशी उभी राहिली आणि तिला हलवायची कुणाची छाती झाली नाही.

शालनला आणलं. अंगावर सरकारी झगा, वेण्या त्याच घट्ट. मांडीची जखम सुकली होती, पोरगी बसू शकत होती. बनाबाईला त्याचासुद्धा राग आला. आपल्या हातनं जे बरं झालं नाही ते परक्यांच्या हातनं झालं.

चौकशीबाईनं आपलं म्हणणं मांडलं. भाजल्याची रेघ, शाळेत न बसणं, आणि दिवाळीची धमकी. साहेबांनी ऐकून घेतलं. मग ते शालनकडं वळले. त्यांचं बोलणं इथलंच होतं.

"नाव काय बाळ तुजं?"

"शालन."

"भाजलं कशानं?"

शालननं पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. "चुलीवर पडलो."

"आणि दिवाळीचं काय? बाईंना काय सांगितलंस? जसं सांगितलंस तसं सांग बघू."

"आबा म्हनालं, दिवाळीला तुला डाग घालतो."

दाराशी असं काही खदखदलं, की साहेबांनी दचकून वर बघितलं. खैरुनबी पदरात तोंड खुपसून हसत होती आणि हसता हसता आत आलीच. "या अल्ला! आवं सायेब, घालतो म्हनाली की पोर! देतो कुठं म्हनाली? आमच्यात डाग घालतो म्हंजे दागिना करतो. सोन्याचा डाग! बाप पोरीला दिवाळीला दागिना करतो म्हनाला, आनि तुमी त्याला चुलीत घालाय निघालासा?"

साहेबांना आधी कळलं. तेही ह्याच मातीतले. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, आणि हसू दाबायचा थोडा प्रयत्न करून सोडून दिला. "बाई," ते चौकशीबाईला म्हणाले, "तुम्ही ध चा मा केलात हो. डाग देणं वेगळं आणि डाग घालणं वेगळं. आमची आई मरेपर्यंत दागिन्यांना डागच म्हणत होती."

चौकशीबाईचं तोंड लाल झालं. "आमच्याकडे हा शब्द... मला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली. मग पिराजीकडं बघून तिनं हात जोडले. "माझी चूक झाली. तेवढ्यापुरती तरी झाली." ती बाई खोटी नव्हती. चुकली तर चुकले म्हणणारी सरकारी माणसं काय पायलीला पन्नास मिळतात?

पिराजीनं टोपी काढून तोंड पुसलं आणि तोही हसायला लागला. बाजूच्या दोन्ही बाया हसल्या, चौकशीबाईसुद्धा हसली. खोलीतली हवाच बदलली. बनाबाईच्या जिवात जीव आला, तिनं शालनकडं हात केले आणि पोरगी धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली.

खैरुनबीला आता कोण आवरणार? तिनं बनाबाईलाच पुढं ओढलं. "बगा बाई, नीट बगून घ्या, पुन्यात जाऊन सांगा. ही कानातली कुडी, ह्यो एक डाग. ही गळ्यातली बोरमाळ, ह्यो डाग. ही पायातली जोडवी, ह्यो बी डागच. समदं पिराजीभाऊनं घातल्यालं. असा हौशी नवरा आमाला न्हाय मिळाला."

बनाबाई हसत होती. हसता हसता तिचा हात आपोआप कानाकडं गेला आणि तिथंच थांबला.

कुड्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी आल्या होत्या. भाकरी करपली म्हणून पिराजीनं कानाखाली मारली, कान आठवडाभर बधिर होता, आणि मग बाजारच्या दिवशी त्यानं त्याच कानासाठी कुड्या आणल्या. बोरमाळ आली ती मूल पडलं त्या साली. का पडलं ते तिनं माहेरीसुद्धा सांगितलं नव्हतं. पायऱ्यांवरनं घसरले म्हणाली होती. जोडवी आली तेव्हा पाय मुरगळलेला होता. सगळ्या गावात मिरवलेले डाग होते ते, आणि प्रत्येक डागाच्या आधी एक मार होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त तोंड दाबायला इथं सोनंचांदी वापरली होती. पिराजीनं आपण होऊन, हौसेनं, काही कारण नसताना तिला साधं काचेचं कांकण तरी कधी आणलं होतं का? तिनं आठवून बघितलं. नव्हतं.

मग पोरीला दागिना कशाचा?

साहेब लिहायला लागले होते. "ठीक आहे. मुलीला आईबापांच्या ताब्यात..."

बनाबाई खाली बसली. पोरीचं तोंड आपल्या तोंडाजवळ घेतलं. "शाले, आबा डाग घालतो कवा म्हनालं गं?"

शालननं बापाकडं बघितलं. पिराजी हसायचा थांबला होता. मग पोरीनं आईच्या कानाला तोंड लावलं. "भाजल्यावर. मी रडालतो तवा. आईला सांगू नगंस, दिवाळीला कानात रिंगा घालतो म्हनालं." आणि थोडं थांबून, "आता तुला सांगटलं. आता न्हाय मिळायच्या व्हय?"

पोर मिळाली होती. साहेबांची सही झाली की हाताला धरून न्यायची, एवढंच उरलं होतं. बनाबाई मनात हिशेब करू लागली, आपण डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवू, एकटी सोडणार नाही. पण सकाळ संध्याकाळ दूध घालायला जावंच लागतं. पोरगी घरी, आणि पाळीवरनं आलेला पिराजी घरी. माहेरी काही निघालंच, सुतक निघालं, तर? आणि पुढच्या खेपेला पोरगी शहाणी झालेली असेल. ती शाळेत जखम दाखवणार नाही, दुखत असताना बसकरावर बसून राहील, आणि रिंगा हलवत मैत्रिणींना सांगेल, आमच्या आबानं घातल्या. जशी तिची आई सांगत आली.

"सायेब," ती उठून म्हणाली, "पोरगी ठेवून घ्या."

साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "अहो बाई, सुटली तुमची पोरगी. घेऊन जा म्हणतोय मी."

"आयकलं. तरी ठेवून घ्या. सायेब, पोरीला भाजलं न्हाय. भाजवलंय."

खैरुनबीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पिराजी आधी बायकोकडं बघत राहिला, मग साहेबांकडं, आणि त्याचा तो कळंबा हादरवणारा आवाज कुठल्या कुठं गेला.

"दुधाचं भांडं पाडलं तिनं," तो म्हणाला. "मी पाळीवरनं आलतो. डोस्कं फिरलं. हातात तापल्यालं उलथनं हुतं. मारायचा इचार नव्हता, सायेब. आईच्यान न्हवता." मग बनाबाईकडं वळून, "बाप हाय मी तिचा."

"हाईसा की," बनाबाई म्हणाली. "म्हनून तर भ्या वाटतंय."

साहेबांनी लिहिलेल्या ओळीवर काट मारली. शालन पुढच्या तारखेपर्यंत इथंच राहील, बापाचं काय करायचं ते पोलिसांशी बोलून ठरेल, आईला रोज भेटता येईल, असं त्यांनी सावकाश सांगितलं. चौकशीबाई जिंकल्यासारखी दिसत नव्हती. ती खाली मान घालून उभी होती. तिच्या बाजूनं निकाल लागला होता, पण हसण्यात तीही सामील झाली होती, हे तिला ठाऊक होतं.

पिराजी कुणाकडं न बघता निघून गेला. जाताना टोपी तिथंच बाकड्यावर विसरला.

शालनला मात्र ह्यातलं काही कळलं नव्हतं. आई आली, सगळे हसले, आता घरी जायचं, एवढंच तिला कळलं होतं. चौकशीबाईनं हात धरला तशी ती आईकडं बघायला लागली. आई येत नाही, आईच नको म्हणाली, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं जमिनीवर अंग टाकलं.

"आई, मला रिंगा नगं! मी मागनार न्हाय! मला डाग नगं, मला घरला ने!"

बनाबाई पुढं गेली नाही. गेली असती तर घेऊनच निघाली असती, हे तिला पक्कं माहीत होतं. पोरीला उचलून आत नेलं. खैरुनबीनं बनाबाईच्या पाठीवर हात ठेवला, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खरोखर हळू निघाला. "चल, माझ्या घरी चल."

"येतो," बनाबाई म्हणाली. पण फाटकाबाहेर आल्यावर ती भिंतीला टेकून खालीच बसली. आतलं रडणं तिथपर्यंत ऐकू येत होतं, आणि ते थांबेपर्यंत तिला उठवेना.